म्हशी विकायच्या नाहीत

चि. स्वातीस, आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, म्हशी विकून टाक, महिन्याला मी पैसे लावून देते. तुझी माया मला कळते गं. माझे गुडघे दुखतात हेही खरं. पण म्हशी मी विकणार नाही.

आपल्याकडं ऊस मोठा. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं म्हणून भोगावतीला उन्हाळ्यातही पाणी असतं. पण जुलैत आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची, लागण केली की तोड यायला 16-17 महिने जातात. ऊस कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत बिल द्यावं असा कायदा आहे, तरी ते बिल तुझ्या पप्पांच्या खात्यावर पडतं आणि त्यातनं आधी गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज कापून जातं. मग खताची उधारी, पाणीपट्टी. घरात येतं ते उरलंसुरलं.

दुधाचं बिल दर 10 दिवसांनी निघतं. तेल-मीठ, लाईटबिल, आजीच्या गोळ्या, पाव्हण्यांचा आहेर, सगळं त्यातलंच. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट होता म्हणून भागलं. पुढं तुझ्या कॉलेजची फी, हॉस्टेल, मेस याच दुधानं भरली.

पहाटे धार काढून किटली डेअरीत नेली की यंत्रावर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघतात आणि चिठ्ठी हातात देतात. म्हशीच्या दुधाला फॅट चांगलं लागलं की दर चढतो. पावसाळ्यात नुसती कोवळी वैरण पडली की फॅट उतरतं, मग सरकी पेंड वाढवायची. पेंडीचे भाव वाढलेत, तिथं खरा मार बसतो. हंगामात उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मिळतं, तेवढे महिने वैरणीची काळजी नसते. दिवाळीला दूध संघाचा फरक, म्हणजे वर्षाच्या दुधावरचे जादा पैसे, येतो. गोकुळ संघ 1963 सालचा, तुझ्या आजीच्या तरुणपणीचा. डेअरी नव्हती तेव्हा दुधाचे असे ठरल्या दिवशी पैसे कुठं मिळत होते, हे तिलाच विचार.

गावात काहीच नाही असं तू म्हणतेस, ते मला पटत नाही. घरात नळ आला, गॅस आला, शाळा चांगली चालली आहे. शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या मुलखातली आपण माणसं. पण दवाखान्याचं तुझं बरोबर आहे. रात्री कुणाला साप चावला की 108 ला फोन करून वाट बघायची आणि तिथून कोल्हापूर गाठायचं. 2019 आणि 2021 च्या महापुरात रस्त्यावर पाणी आलं, तेव्हा तर तेही नाही. आपण जनावरं उंचावरच्या शाळेत नेऊन बांधली होती. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की पप्पा अजून अंधारात मोटर चालू करायला जातात. मला रात्रभर झोप लागत नाही. लोकांनी दिवसा लाईट मागितली तर त्यात चूक काय?

आता मनातलं सांगते. धार मी काढते, शेण मी काढते, डेअरीत दूध मी घालते, पण डेअरी चालवणाऱ्या गावच्या दूध संस्थेत सभासद पप्पा. वार्षिक सभेला दराचा, पेंडीचा, गुरांच्या डॉक्टरचा विषय निघतो, तिथं बोलायला जाग्यावर मी नसते. मला माझ्या नावावर सभासद व्हायचं आहे, आणि बिलही माझ्या खात्यावर यायला पाहिजे. पप्पांशी बोलले, त्यांची ना नाही.

म्हणून पैसे पाठवू नकोस. गणपतीला येशील तेव्हा दोन दिवस जादा रजा काढ आणि मला सभासदत्वाचा अर्ज नीट लिहून दे. आधार कार्डाची आणि पासबुकाची झेरॉक्स मी काढून ठेवते. संस्थेच्या सचिवांना भेटायला तूही माझ्यासोबत चल, काय काय कागद लागतात ते एकदाच विचारून घेऊ.

तुझी आई