रात्रशाळेच्या संगणकांबद्दल

न्यू जर्सी

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रात्रशाळेसाठी इथून वीस जुने संगणक मिळतील का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर लगेच 'पाठवते' म्हणाले, पण आठवडाभर मन खात होतं.

मी दर शनिवारी दानात आलेले संगणक तपासायला जाते. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 च्या मोफत अपडेट बंद झाल्या, तेव्हापासून ऑफिसांतून ढिगानं येताहेत. काल एक उघडला. पंख्यावर धुळीचा थर, मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले, म्हणजे बिघाडाची खूणच, आणि खोक्यावर मार्करनं लिहिलेलं, 'गरीब देशांतल्या शाळांसाठी'. बाबा, फार लागलं मला ते. घानात, अक्राच्या अगबोगब्लोशी या ई-कचऱ्याच्या आगारात पोरं तांब्यासाठी वायरी जाळायची; तिथला कितीतरी माल 'वापरलेला, चालू' म्हणूनच बंदरात उतरला होता. आता 1 जानेवारी 2025 पासून बेसल करारानुसार, म्हणजे घातक कचरा देशाबाहेर धाडण्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, कुठलाही ई-कचरा धाडण्याआधी घेणाऱ्या देशाची संमती लागते. आपल्याकडे तर जुने संगणक आणायलाही परवाना लागतो.

मामाबरोबर पाठवलेला संगणक आठवतो ना? पाठीमागचं व्होल्टेज बदलायचं लाल बटण इथल्या 115 वरच राहिलं होतं. आपल्या 230 व्होल्टला लावला आणि फट्कन धूर निघाला. ते बटण मी बघायला हवं होतं. वर्गात कुणी पोर जवळ उभं असतं तर?

म्हणून मी संगणक नाही, पैसे पाठवते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ऑफिसांतून निघालेले, दुरुस्त करून वॉरंटीवर विकलेले मिळतात. वीस नकोत, दहाच घ्या, पण 8 जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असलेले. त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकून घ्या, मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट कीबोर्डनं छान होतं. एखादा बिघडला तर ग्रँट रोडला उतरून त्याच दुकानदारापुढे ठेवता येईल. इथून आलेल्याला तिथे वाली कोण? दिवसभर राबून आलेली मुलं तासभर बसतात. तो तास बंद पडद्यासमोर जायला नको.

वर्गात प्लग किती आहेत आणि अर्थिंग तपासलंय का, तेवढं वायरमनला विचारून कळवा. मग पैसे धाडते.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू