लोणारचे पाणी आधी मोजा, पक्षी मग मोजू

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : लोणार सरोवरावर हिवाळी पाहुणे पक्षी येण्याआधी करावयाची कामे

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

लोणारला पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी मनोरे, फलक आणि पायऱ्या हव्यात, अशी मागणी दरवर्षी होते. आमची पहिली मागणी मात्र पाण्याची पातळी आणि त्याचा खारेपणा नियमित मोजण्याची आहे.

बुलडाणा जिल्ह्यातले हे विवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. वाफ होऊन पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, म्हणून पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे मध्यम) पूर्वापार १० च्या आसपास राहत आला आहे. राजस्थानातल्या सांभरचेही गणित हेच आहे, ओढे येतात आणि पाणी तिथेच आटते. सांभर १९९० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, लोणार २०२० पासून.

त्याच सांभरवर नोव्हेंबर २०१९ मध्ये हजारो पक्षी मेले. बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने कारण सांगितले बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारा लकवा. याचे जिवाणू चिखलात वर्षानुवर्षे निपचित पडून असतात. ऊब, प्राणवायूविना चिखल आणि कुजणारे मांस मिळाले की ते विष बनवतात. पक्षी मरतो, त्यावर माश्यांच्या अळ्या पडतात, त्या अळ्यांत विष साठते आणि दुसरा पक्षी त्या टिपतो. तीन-चार अळ्याही एका बदकाला पुरतात, आणि एका मेलेल्या पक्ष्यावर अळ्या हजारोंनी होतात.

पीएच ७.५ ते ९ असलेल्या पाण्यात हा धोका जास्त आढळतो. म्हणजे लोणारचा त्याहून चढा पीएच ही इथल्या पक्ष्यांची ढालच आहे. गावाचे सांडपाणी उतरले किंवा गोडे पाणी प्रमाणाबाहेर वाढले, तर ती ढाल पातळ होते. वर खाद्यही बदलते. शेकाट्या, तुतारी, कंठेरी चिखल्या काठाच्या बोटभर पाण्यात किड्यांच्या अळ्या वेचतात. पातळी हातभर चढली की तो चिखलपट्टा बुडतो आणि पाणी थेट वेड्या बाभळीच्या बुंध्याला लागते. मग चिखल्याला उभे राहायलाही जागा उरत नाही. म्हणून बाभूळ काढताना तिचा फुटवा दरवर्षी उपटायला हवा. नुसती तोडली तर ती दुप्पट फुटते.

मोजणी अशी व्हावी. काठावर पाच-पाच सेंटीमीटरच्या खुणांची पट्टी पक्की रोवावी आणि दर सोमवारी आकडा नोंदवावा. पाण्याचे नमुने तीन ठिकाणचे घ्यावेत : धारेचे (कड्यावरून उतरणाऱ्या झऱ्याचे) पाणी मिसळते तिथून, मधून आणि समोरच्या काठावरून. पीएच मीटर ७ आणि १० च्या द्रावणावर जुळवावा. फक्त ४ आणि ७ वर जुळवलेला मीटर इथे हमखास चुकीचा आकडा देतो, आणि ही चूक सर्रास होते. क्षारमापकाची मर्यादा ओलांडली जात असेल तर नमुना शुद्ध पाण्याने दहापट पातळ करून मोजावा. हे आकडे सरोवराच्या प्रवेशद्वारावर लावावेत.

पक्षिगणनेबद्दल थोडे. विवराच्या कड्यावरून तळे सुमारे १३० मीटर खाली दिसते. चक्रवाक, थापट्या ही बदके दुर्बिणीत कळतात, छोटा चिखल्या कळत नाही. सकाळी पूर्व कड्यावर उभे राहिले की ऊन पाठीशी येते आणि समोरचा पश्चिम काठ उजळतो. पायथ्याचा पूर्व काठ मात्र दीड-दोन तास सावलीत राहतो, म्हणून तो शेवटी मोजावा. त्यासाठी खाली उतरावेच लागते, पण पाण्यापासून शंभर मीटर दूर थांबून. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढा घोळका डोळ्यात बसवावा, मग दहा-दहाने पुढे जावे. दोघांनी वेगवेगळे मोजावे. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर पुन्हा मोजावे.

एखादा पक्षी पंखांवर घसटत चालताना किंवा मान लुळी टाकून तरंगताना दिसला, तर त्याच दिवशी धावपळ सुरू व्हावी. अशा पक्ष्याला डोके पाण्यावर धरता येत नाही, तो बुडून मरतो. वनरक्षकाकडे दुहेरी हातमोजे, मास्क, जाड पिशव्या आणि चुना कायम असावा. ताजा मेलेला पक्षी बर्फात ठेवून (गोठवून नव्हे) पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पाठवावा, कारण बर्ड फ्लूची शंकाही तिथेच फिटते. बाकीचे मृत पक्षी पाण्यापासून लांब जाळावेत किंवा चुना टाकून खोल पुरावेत. उद्यावर ढकलले तर रात्रीतून अळ्या पडतात.

मनोऱ्याचा निधी मंजूर होणारच असेल, तर त्यातून आधी ही पट्टी आणि पीएच व क्षार मोजणारी दोन यंत्रे घ्यावीत आणि गावातून उतरणाऱ्या सांडपाण्याची तपासणी करावी. पाहुणे ऑक्टोबरपासून उतरू लागतात, तेव्हा पहिली नोंद सप्टेंबरअखेर झालेली असावी, ही विनंती.

आपले,
लोणार परिसरातील पक्षिनिरीक्षक