चिऊ, ती गोळी चालू कर

चिऊ बाळा,

काल फोनवर तू म्हणलीस की डॉक्टरबाईनं दिवसांत बीपी चढू नये म्हणून लिहून दिलेली ॲस्पिरिन तू घेईनास, गुगलवर ती हार्टवाल्यांची गोळी दिसली म्हणून, आणि मी भडकून फोनच ठेवला. चुकलं माझं. तीस वर्षं अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवली पण पोटच्या लेकीला सांगायचं म्हणलं की आधी आवाज चढतो बग. म्हणून आता व्हॉट्सॲपवर निवांत लिहायलेय, जावईबापूंनाबी वाचायला दे.

गर्भ सहाव्या-सातव्या दिवशी पिशवीला चिकटतो, तेव्हापासूनच दोन्हीकडून ग्रोथ फॅक्टरची, म्हणजे पेशींना वाढायचा निरोप देणाऱ्या प्रोटीनची, निरोपानिरोपी चालू होते. एलआयएफ म्हणून एक आहे, १९९२ साली उंदरांवर दाखवलंय की आईच्या अंगात तो नसला तर गर्भ रुजतच नाही, आणि तेच गर्भ दुसऱ्या उंदरीच्या पिशवीत ठेवले की रुजतात. आजोबा म्हणायचे ना, बी कितीबी चांगलं असू दे, वापसा नसला तर पेरून काय उपयोग.

आता वारेचं, म्हणजे प्लासेंटाचं ऐक, खरं काम तिचं आहे. वारेच्या पेशी पिशवीच्या पिळदार रक्तवाहिन्यांत घुसतात आणि त्यांच्या भिंतीतला स्नायूच काढून टाकतात, आपल्या वावरातला अरुंद दंड खोऱ्यानं रुंद केल्यासारखं, म्हणजे पाणी खळखळ न करता सावकाश भरून वाहतं. हे विसाव्या आठवड्यापर्यंत चालतं. नववा भरला की पिशवीला मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त लागतं, दंड अरुंद राहिला तर कुठून येणार? मग उपाशी वार एसफ्लट-१ नावाचा प्रोटीनचा तुकडा आईच्या रक्तात जास्त सोडायला लागते. हा तुकडा व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ या दोन ग्रोथ फॅक्टरला धरून बसतो, पुढं जाऊच देत नाही, आणि आईच्या मूत्रपिंडातल्या, सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या त्यांच्यावाचून बिघडतात. बीपी चढतं, लघवीत प्रोटीन जातं. प्रीइक्लॅम्पसिया.

(एक गंमत. वारेला वाढवणारा आयजीएफ-२ म्हणून ग्रोथ फॅक्टर आहे ना, त्याच्या जीनची बापाकडून आलेली प्रतच चालते, आईची गप्प असते. तुझे पप्पा हे ऐकून दोन दिवस मिशीला पीळ देत फिरत होते.)

तुझ्या वेळंला, १९९६ ला, माझे पाय सुजले, तोंड सुजलं, डोकं ठणकायचं. सगळे म्हणायचे दिवस गेल्यावर सुजतंच की. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथं दोन महिने कुणी बीपीचा पट्टासुद्धा बांधला नाही. आठव्यातच परभणीला सिझर झालं, तू १ किलो ७०० ग्रॅम, काचेच्या पेटीत. आजी म्हणली ग्रहणात भाजी चिरली असशील, शेजारीण म्हणली लोणचं लई खाल्लं, आणि माय, मी शिकलेली बाई असून कितीतरी वर्षं मनात तेच घोळवत बसले की आपलंच काहीतरी चुकलं. यात एसफ्लट-१ चा हात आहे हे तर २००३ साली समजलं, करुमंची म्हणून मद्रासला शिकलेले डॉक्टर तेव्हा बोस्टनला होते, त्यांच्या टीमनं उंदरांच्या अंगात तो वाढवून दाखवला आणि उंदरांचं बीपी चढलं, लघवीत प्रोटीन आलं. ते वाचलं त्या रात्री मी रडले, पप्पाला कळंना कामून.

तर आईला हे झालेलं असलं की लेकीला धोका जास्त, म्हणून तुझ्या डॉक्टरनं गोळी लिहिली, उगं नाही. २०१७ च्या मोठ्या ट्रायलमध्ये धोका असलेल्या बायांना अकरा ते चौदा आठवड्यांत चालू करून छत्तिसाव्यापर्यंत रोज रात्री १५० मिलीग्रॅम दिली, तर नववा भरायच्या आधीच होणारा प्रीइक्लॅम्पसिया निम्म्याहून कमी झाला. तुला बारावा आठवडा चालूय. सोळाव्यानंतर चालू केली तर तेवढा फायदा होत नाही, दंड रुंद करायचे दिवस निघून जातात ना. डोस मात्र डॉक्टरनं लिहिलाय तोच, माझं ऐकून कमीजास्त करू नको. आणि पुढं कधी डोकं दुखायचं थांबंना, डोळ्यापुढं ठिपके आले, बरगडीखाली दुखलं तर मला फोन नंतर, आधी दवाखाना.

शनिवारच्या गाडीनं येतेय, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन. आल्या आल्या गोळ्यांची पट्टी मोजीन.

तुझी आई