वेव्हफॉर्म जुळवायला शिकवणाऱ्या ताईला

ताई, प्रोजेक्टमधल्या मदतीबद्दल मेसेजवर थँक्यू म्हणून झालंय, पण तेवढ्यानं माझं समाधान होईना, आणि पुढच्या वर्षी प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांनाही उपयोग होईल म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत धडकतात तेव्हाच्या गुरुत्वीय लाटांचा आकार (म्हणजेच वेव्हफॉर्म) काढायचा तर एक मार्ग म्हणजे आइन्स्टाइनची समीकरणं सरळ सुपरकॉम्प्युटरवर सोडवायची (2005 मध्ये प्रिटोरियस या भौतिकशास्त्रज्ञाला हे पहिल्यांदा जमलं), आणि दुसरा पोस्ट-न्यूटोनियन, म्हणजे न्यूटनच्या गणितात आइन्स्टाइनच्या दुरुस्तीची एकेक टर्म वाढवत कागदावर काढलेली सूत्रं, ज्यात आपल्या बंगळुरूच्या बाला अय्यरांचं मोठं काम आहे. दोन्हींचे आलेख एकावर एक ठेवले की झालं असं कुणालाही वाटेल, पण ठेवायचे कुठे हीच तर खरी गोम, आणि ती तू शेजारी बसवून दाखवलीस. सिम्युलेशनच्या सुरुवातीची खोटी लाट आधी कापायची, मग वेळ आणि फेज (लाट आवर्तनात कुठवर आलीय ते) दोन्ही सरकवून काळाच्या एका पट्ट्यात जुळवायचं. तो पट्टा तू जरा अलीकडे घेतलास की स्क्रीनवर शेवटची वळणं एकमेकांपासून सुटायची, पलीकडे नेलास की परत चिकटायची!

आणि या दोन्ही मार्गांची तुलना करणारा 2007 चा तो पेपर. सारख्या वस्तुमानाची, स्पिन (स्वतःभोवती फिरणं) नसलेली विवरं, 15 प्रदक्षिणा, लाटेची 30 हून जास्त आवर्तनं. पहिली साधारण 15 आवर्तनं 0.05 रेडियनच्या आत जुळतात, नंतर बाकीची टेलर सूत्रं (टी1, टी4 वगैरे, पोस्ट-न्यूटोनियनचेच प्रकार) काही रेडियननी भरकटतात (अख्खं आवर्तनच 6.28 चं असतं हो), आणि एकटं टेलर-टी4 मर्जरच्या (विवरं एक होण्याच्या) दीडेक आवर्तन आधीपर्यंत चिकटून राहतं. कुणीही म्हणेल, टी4 घ्या आणि मोकळे व्हा. तू मात्र "का जुळतं ते सांग" म्हणून अडून बसलीस. टी1 काय नि टी4 काय, ऊर्जेची आणि फ्लक्सची (लाटांतून बाहेर जाणाऱ्या ऊर्जेची) सूत्रं तीच, फक्त भागाकार कुठे उलगडायचा आणि पुढच्या टर्म कुठे छाटायच्या एवढाच फरक, मग एकच इतकं बरोबर का यावं? पेपरवाल्यांनीच तो योगायोग दिसतो असं लिहिलंय, आणि स्पिन वाढवला की टी4 ची जादू टिकत नाही हे नंतर दिसलंच.

इफेक्टिव्ह-वन-बॉडी मॉडेलवर (दोन विवरांचं गणित एकाच वस्तूचं म्हणून मांडणारं, सिम्युलेशनवर ट्यून केलेलं) तर तू एकच प्रश्न विचारलास, ज्या सिम्युलेशनवर हे ट्यून केलंय त्याच्यावरच तपासणार का? त्यानंतर मी ट्यूनिंगसाठी वापरलेल्या सिम्युलेशनच्या रन्स शोधून बाजूला काढल्या, त्यातनं एक अख्खा चॅप्टर उभा राहिला आणि व्हायव्हात बाहेरचे सर सगळ्यात जास्त वेळ त्यावरच रेंगाळले. तुझी स्वतःची डेडलाइन डोक्यावर असताना हे सगळं केलंस, त्याबद्दल मनापासून थँक्यू.

आता असमान वस्तुमानाच्या जोड्या घेतल्यात. प्लॉट झाले की पाठवतो, फेजमधल्या फरकाचा अक्ष लॉगमध्येच ठेवलाय, तू म्हणाली होतीस तसा.