वही बरोबर होती

मॅडिसनजवळ, विस्कॉन्सिन
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी आहे. गुडघा तसाच, साखर काठावर. घरी सगळे मजेत.

मला काडतुसं भरायला शिकवणारे म्हातारबा जुलैत गेले. तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. तू आला होतास तेव्हा त्यांनी तुला तळघरात नेऊन तो डुलता काटा दाखवला होता, आणि तू त्यांना म्हणालास की १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, गुंजा ९६. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे कायम १७५ ग्रेनच्या गोळीला ते ‘लहान टोला’ म्हणायचे. शेवटच्या आठवड्यातही दवाखान्यात मला विचारलं, तुझा तो सोनार काय म्हणतो?

आजींनी त्यांचं सगळं सामान मला दिलं. काडतुसं भरायचं यंत्र, काटा, काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांचे डबे, ती बर्नोची रायफल आणि वही. नातवाला मिळाली दुसरी रायफल, चिलीच्या सैन्याची १८९५ ची माउझर. दोन्हींचं काडतूस एकच, ७ बाय ५७. हो, तेच. इंग्रजांनी त्याचं नाव बदलून .२७५ रिग्बी केलं, आणि शिकारी जिम कॉर्बेटची रायफल त्याचीच. शाळेत तू माझ्याशी महिनाभर बोलला नव्हतास, कारण तुझं म्हणणं, चंपावतची वाघीण त्याच रायफलने मारली. नाही रे. ती मारली त्याबद्दल त्याला ती बक्षीस मिळाली. एवढ्या वर्षांनी मिटवून टाकू.

आता मूळ गोष्ट. (वहिनी हे वाचणार असतील तर आधीच सांग, पुढे जिथे जिथे दारू येईल ती बंदुकीची.)

वहीत १९६८ सालचं एक पान आहे. १७५ ग्रेनची गोळी, दारू ‘४८३१’, समोर वजन, आणि बाजूला त्यांच्या बारीक अक्षरात ‘हरणासाठी हीच’. वजनाचा आकडा मी तुलाही लिहीत नाही, पत्र कोणाच्याही हाती पडू शकतं. जड गोळीला सावकाश जळणारी दारू लागते. गोळी जड, म्हणून हलायला वेळ घेते. तिच्यामागे सगळी दारू एकदम भडकली तर दाब शिगेला जातो आणि वेग म्हणावा तसा मिळत नाही. सावकाश जळली तर नळीभर ढकलत राहते. ४८३१ तशीच. त्यांचा जुना डबा तळाशी आला होता. मी दुकानात गेलो, फळीवर ४८३१ दिसली, घेतली. वहीतलं वजन काट्यावर दोनदा तोललं. वीस काडतुसं भरली. सहा नातवाला दिली, चौदा मी ठेवली.

शनिवारी चांदमारीवर पहिला बार काढला. आवाज नेहमीपेक्षा कोरडा. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, उचलायला गेलो तर उचलेना, तळहाताने ठोकून उघडला. पुंगळीच्या बुडाची टोपी, जिच्या ठिणगीने दारू पेटते ती, कडेपर्यंत चपटी झालेली, म्हणजे दाब फार. वेगमापकावर सेकंदाला २,६०० फूट, वहीत २,४५०. घरी येऊन त्या पुंगळीत नवी टोपी बसवून पाहिली तर ती बोटाने आत गेली. बुडाचं पितळ पसरलं होतं, बंड्या. माझी बर्नो १८९८ च्या माउझरच्या बांध्याची, बोल्टला मागे तिसरी कडी असते, पुढच्या दोन तुटल्या तर धरणारी, म्हणून मी हे पत्र लिहितोय. १८९५ च्या माउझरला ती कडी नाही. अमेरिकेत या काडतुसाचा कमाल दाब ५१,००० पौंड प्रति चौरस इंच एवढा कमी ठेवलाय तो अशा जुन्या बंदुका अजून लोकांच्या घरात आहेत म्हणूनच. आणि माझी सहा काडतुसं नेमकी तसल्या बंदुकीसाठी एका सतरा वर्षांच्या पोराच्या खिशात होती.

गाडी कशी चालवली आठवत नाही. पोरगा आजीच्या कोठारात लाकडं फोडत होता. काडतुसं कोटाच्या खिशात, सहाच्या सहा. मोजली, परत मोजली. त्याने विचारलं, काय झालं? आणि मी म्हणालो, तुझ्या आजोबांच्या वहीत चूक आहे.

हे बोलून मी परत आलो. रात्री डबा आणि वही शेजारी ठेवून बसलो तेव्हा कळलं. वहीत काहीही चूक नाही. दुसऱ्या महायुद्धात २० मिलिमीटरच्या तोफांसाठी केलेली दारू उरली, ती हॉजडन या दारू विकणाऱ्याने सरकारकडून घेऊन ४८३१ म्हणून विकली. १९६८ साली ४८३१ म्हणजे तीच, मागेपुढे अक्षर लिहायची गरजच नव्हती. पुढे १९७० च्या दशकात आयएमआर या दुसऱ्या छापाची ४८३१ आली. आकडा तोच, पण जळते लवकर. मी आणली ती ही. डब्यावर अक्षरं ठळक आहेत, मी आकडाच वाचला. म्हातारबांनी मला दहा वेळा सांगितलं होतं, डबा बदलला की पुस्तकातल्या कमाल वजनाच्या दहा टक्के खालून सुरू कर, अर्धा अर्धा ग्रेन चढ, प्रत्येक पायरीला टोपी बघ. मी वही म्हणजे त्यांचा शब्द मानून थेट वरच्या पायरीवर उभा राहिलो, आणि पाय घसरल्यावर त्यांचंच नाव घेतलं.

आता तुला कळलं असेल हे तुलाच का लिहितोय. अण्णा गेल्यावर त्या बोहरमाळेच्या वजनात दोन गुंजांचा फरक आला, तेव्हा तू गिऱ्हाइकाला म्हणालास, वडिलांचा काटा जुना झाला होता. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून तुला काय काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. अण्णांचं ‘काट्याक विचार, माका नको’ तुझ्याच तोंडावर फेकलं. तू तेव्हा काही बोलला नाहीस. मला वाटलं होतं निर्ढावलास. आज कळतंय की अशा वेळी तोंडातून ते वाक्य आपोआप येतं. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे जिभेला आपल्याआधी ठाऊक असतं. त्या दिवसाबद्दल मला माफ कर.

त्या दारूचा डबा रिकामा केला, अंगणात गवतावर पातळ पसरला, इथे लोक तसंच करतात. उरलेली सगळी काडतुसं न उडवता उघडून रिकामी केली. आता नव्याने चाललंय. एच ४८३१ की एच ४३५० (एच म्हणजे हॉजडनची), यात आठवडा गेला. पहिलीने पुंगळी गळ्यापर्यंत भरते, दाबून बसवावी लागते, चुकून जास्त घालायला जागाच फारशी नाही, म्हणून मन तिच्याकडे. पण तिचे दाणे लांब, मापात अडकून कटकट करतात. दोन्ही ऑस्ट्रेलियात बनतात, थंडी-उन्हाने त्यांचा वेग फारसा हलत नाही. इथे जुलैत भरलेलं काडतूस नोव्हेंबरात शून्याखाली उडवायचं असतं, तेव्हा हे महत्त्वाचं. शेवटी ४३५० घेतली. पहिल्या पायरीची तीन उडवली, दुसऱ्या पायरीची तीन. बोल्ट बोटाने उघडतो, टोपीच्या कडा गोल आहेत. शंभर यार्डांवर तीन भोकं एका पोह्याच्या पापडात मावतील. अजून दोन पायऱ्या आहेत, मला वर जायचंच नाही. पोराच्या माउझरसाठी मात्र मी काहीच भरणार नाही. त्याला कारखान्याची काडतुसं आणून दिलीत.

तुझं कसं चाललंय? मुलीचं लग्न जानेवारीतच ना, का पुढे गेलं? हॉलमार्कच्या कटकटी संपल्या का? आणि बाबल्याकडून माझे दोन हजार आले का, का अजून ‘उद्या’च?

बंदुकीने हरण मारायचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या पहाटे पोरगा माझ्यासोबत मचाणावर बसणार आहे. त्याआधी मला आजींसमोर त्याला सांगायचंय की वही बरोबर होती. चार वेळा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. आजी कॉफी देतात, मी हवामानावर बोलतो आणि परत येतो. त्या नुसत्या बसलेल्या असतात, पोरगा मान खाली घालून. त्याने आजींना सांगितलंय, हे दोघांच्या चेहऱ्यावरून दिसतं.

तू त्या बोहरमाळेच्या बाईंकडे नंतर गेला होतास, मला माईंनी सांगितलं होतं. नेमकं काय म्हणालास? सुरुवात कुठून केलीस? तेवढं लिही. पत्राला वेळ लागेल, त्यापेक्षा फोनच कर. तुझ्या रात्री साडेनऊला इथे सकाळ असते, मी जागा असेन.

तुझा,
दत्ता