आपोआप रीस्टार्टला मर्यादा हवी

महोदय,

आपल्या दैनिकाच्या संगणकविषयक सदरात, सर्व्हरवरील स्क्रिप्ट वारंवार बंद पडत असल्यास क्रॉन या ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीमार्फत दर मिनिटाला ती चालू आहे का हे तपासावे आणि नसल्यास पुन्हा सुरू करावी, असा सल्ला देण्यात आला आहे. हेतू योग्य असला तरी मार्ग कच्चा आहे, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग सांगायचा राहून गेला आहे.

प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामच्या, यादीत स्क्रिप्टचे नाव सापडणे, हा ती चालू असल्याचा पुरावा नव्हे. तीच फाइल कोणी एडिटरमध्ये उघडली असेल, तरीही ते नाव यादीत दिसते. प्रोसेसचा क्रमांक फाइलमध्ये नोंदवून ठेवण्याची युक्तीही फसू शकते, कारण मूळ प्रोसेस संपल्यावर तो क्रमांक पुढे दुसऱ्याच प्रोसेसला मिळू शकतो. याउलट ज्या प्रोसेसने स्क्रिप्ट सुरू केली, तिला ती संपल्याचे कर्नलकडूनच (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडून), एक्झिट कोडसह (शून्य म्हणजे यश, अन्य आकडा म्हणजे त्रुटी), तत्काळ कळते. म्हणून हे काम लिनक्सवरील सिस्टमडीसारख्या देखरेख करणाऱ्या प्रोग्रामकडे सोपवावे. त्यात ‘रीस्टार्ट’ या सेटिंगला ‘ऑन-फेल्युअर’ हे मूल्य दिले, की त्रुटीमुळे बंद पडलेली स्क्रिप्ट पुन्हा सुरू होते. काम संपवून शून्य कोडने थांबलेली होत नाही.

खरा प्रश्न यापुढचा आहे. काही न बदलल्यास सिस्टमडी १०० मिलिसेकंद थांबून पुन्हा सुरुवात करते आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरुवात होऊन गेली, की पुढचा प्रयत्न नाकारते. सुरू होताच कोसळणाऱ्या स्क्रिप्टला ही मर्यादा पुरते. परंतु सर्व्हरवर ताण नको म्हणून सावध माणूस दोन प्रयत्नांतील अंतर ५ सेकंद करतो आणि १० सेकंदांची मुदत मात्र तशीच ठेवतो. मग त्या मुदतीत पाच प्रयत्न होणे शक्यच नसते आणि मर्यादा कधीच लागू होत नाही. स्क्रिप्ट रात्रभर पडत-उठत राहते. त्यातच, बिघाडाची सूचना पाठवणारी ‘ऑनफेल्युअर’ ही सोय, आपोआप रीस्टार्ट चालू असताना, मर्यादा संपून सेवा अयशस्वी ठरल्यावरच कामाला लागते. म्हणजे जी सावधगिरी म्हणून केली, तिनेच सूचनेची वाट बंद केली! अंतर वाढवल्यास मुदतही त्या प्रमाणात, उदाहरणार्थ ५ मिनिटांपर्यंत, वाढवणे आवश्यक आहे. अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारी कुबरनेटिस ही प्रणाली प्रयत्न थांबवत नाही, पण त्यांतील अंतर १०, २०, ४० सेकंद असे दुप्पट करत ५ मिनिटांपर्यंत नेते. तिथेही कोणाला तरी कळवण्याची व्यवस्था वेगळी करावीच लागते.

स्क्रिप्ट न मरता नुसती अडकून बसली, तर यातले काहीच उपयोगी पडत नाही. त्यासाठी तिनेच ठरावीक वेळाने हजेरी द्यावी असा वॉचडॉग लावावा लागतो. तसेच अर्धवट राहिलेले काम पुन्हा केल्यास नोंदी दुबार होणार असतील, तर आपोआप रीस्टार्ट सुरू करण्यापूर्वी स्क्रिप्टच दुरुस्त करावी.

सदराच्या पुढील भागात निदान मुदत, अंतर आणि सूचना यांचा हा परस्परसंबंध स्पष्ट करावा, ही विनंती. हे आकडे बदलल्यावर मुद्दाम शून्येतर कोडने संपणारी एक छोटी स्क्रिप्ट चालवून सूचना खरोखर येते का, हे पाहता येते, एवढेही त्यात नमूद व्हावे.

आपला,
एक वाचक