गाडी खाली करा, पण स्प्रिंग कापू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

खाली केलेल्या, म्हणजे स्प्रिंग आखूड करून जमिनीजवळ आणलेल्या गाड्यांवर तुमच्या पेपरात जे आलं होतं ते वाचलं. पोरं हौसेपायी गाडीची वाट लावतात, हे तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे, पण वाट लागते ती गाडी खाली केल्याने नाही, ती ज्या पद्धतीने खाली केली जाते त्याने, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे 2018 ची स्विफ्ट आहे. एका गॅरेजवाल्याने चारही स्प्रिंगचा एकेक वेढा ग्राइंडरने कापून दिला, अर्ध्या दिवसात गाडी खाली, खर्च फक्त मजुरीचा. पुढच्याच आठवड्यात मिरजेहून पंढरपूरला निघालो आणि सांगोल्यापर्यंत मागे बसलेल्या आईची कंबर अशी धरली की गाडी थांबवून तिला थोडं चालवावं लागलं. तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागलो.

स्प्रिंगचे समजा सहा वेढे काम करतायत, एक कापला की पाच उरतात आणि तीच स्प्रिंग साधारण 20 टक्के कडक होते. पण खरा मार त्याहून शॉकअपचा, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या दांड्याचा असतो, कारण तो जुन्याच मापाचा राहतो, गाडी खाली बसली की त्याचा रॉड आधीच आत गेलेला असतो आणि रॉडवरचं बंप रबर, म्हणजे शेवटचा ठोका झेलणारा रबरी ठोकळा, अगदी जवळ येतं, मग छोट्या खड्ड्यातही ठोका थेट रबरावर. आपल्याला वाटतं स्प्रिंग कडक झाली, खरंतर गाडी रबरावर बसलेली असते. हे बघायचं असेल तर शॉकअपच्या रॉडला एक झिप टाय घट्ट बांधा, घरचे सगळे बसवून रोजच्या रस्त्यावर फिरून या, टाय सरकत रबरापाशी पोचला असेल तर समजा जागाच उरलेली नाही.

म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनेच निवडायचे. रोजची गाडी 25 ते 30 मिलिमीटर खाली केली तरी पुरे, त्याहून जास्त खाली केलीत की आराम गेलाच. स्प्रिंग आपल्या मॉडेलसाठीच बनवलेली घ्या, प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दबेल तशी कडक होत जाणारी मिळाली तर उत्तम, तिचे जवळजवळचे वेढे छोटे धक्के मऊ झेलतात आणि ते मिटले की बाकीची स्प्रिंग कडक होऊन गाडी सावरते. शॉकअप आखूड, खाली केलेल्या गाडीसाठीचाच हवा. शॉकअप बनवणाऱ्या बिलस्टीन कंपनीचंच बघा, बी6 मूळ उंचीसाठी आणि बी8 खाली केलेल्या गाडीसाठी, कंपनी उगाच दोन वेगळे बनवत नाही. त्यात रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरण्याचा जोर, नव्या स्प्रिंगला पुरेल एवढा हवा, कमी पडला की गाडी खड्ड्यानंतर दोनतीनदा डुलते आणि मागे बसणाऱ्याला मळमळतं. स्वस्तातल्या कॉइलओव्हरच्या, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअप जोडीच्या नादाला मात्र लागू नका, उंची अॅडजस्ट होते म्हणजे आराम मिळतो असं नाही.

आणखी एक, त्याच वेळी मोठे रिम टाकू नका. 185/65 आर15 टायरची बाजूची भिंत 120 मिमी असते, 195/55 आर16 ची 107, म्हणजे धक्का खाणारं रबर तेवढं कमी झालं. काम झालं की चाकांची अलाइनमेंट करायलाच हवी, नाहीतर टायर आतल्या बाजूने झिजतो. आणि गाडीत बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, तेव्हा हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

माझ्या स्विफ्टचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, 163 मिमी, 30 गेले तरी 133 उरतात. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावरून ही गाडी आरामात जाते. पण आमच्या गल्लीतले ब्रेकर हातभर रुंद आणि उभे कडे, तिथे मूळ उंचीच्या गाडीचाही इंजिनाखालचा चेंबर घासतो. साहेब, पोरांवर लिहिलंत तसं या ब्रेकरची मापं घेऊन फोटोसकट एकदा छापा, टेप घेऊन मी स्वतः येतो तुमच्या बातमीदाराबरोबर.

आपला,
एक वाचक, मिरज